घरगुती अडचण

नर्सिंगची शपथ घेऊन चार महिनेही झाले नव्हते आणि नशिराबादची नौशीन खोटं लिहायला शिकली होती. जळगावच्या त्या खासगी दवाखान्यात तीस खाटांना दोघी नर्स. डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी प्रत्येक पेशंटच्या कागदावर बीपीचा आकडा हवाच, मग कालचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचा. सगळ्याच लिहायच्या. सगळ्यांनी खाल्लं तर शेण गोड होतं की काय!

त्या सकाळी सात नंबरच्या प्रेमकुंवरबाईंचं बीपी न मोजताच तिनं एकशे तीस लिहिलं आणि बीपीची रोजची गोळी दिली. तासाभरात म्हातारी उठायला गेली ती चक्कर येऊन खाटेवरून खालीच आली. मोठ्या सिस्टर सुनंदाबाईंनी धावत येऊन मोजलं तर ऐंशी! लगोलग सलाइन लावलं, तेव्हा कुठे म्हातारीनं डोळे उघडले.

"सकाळी नीट मोजलं होतं ना?" डॉक्टरांनी नौशीनला विचारलं.

उत्तर दिलं ते प्रेमकुंवरबाईंनी. सारा जन्म दोंडाईच्यात काढलेली ही मारवाडी बाई अहिराणीच बोलायची. "मोजं व्हतं तिनी. गुणी पोर शे, तिले काही बोलू नका."

डॉक्टर निघून गेले. आपल्यामुळे पडलेली बाई आपल्यासाठी खोटं बोलली, आणि आपण ते बोलू दिलं! नौशीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी तिनं सुनंदाबाईंपुढे राजीनामा ठेवला. कारण, घरगुती अडचण.

सुनंदाबाईंनी चष्मा लावून तो वाचला. "घरी काय अडचण आहे गं?"

"काही नाही, सिस्टर."

"म्हणजे हेही न मोजताच लिहिलंस." त्यांनी कागद परत सरकवला. "मीही लिहिलेत असे आकडे, माझं नशीब की कुणी पडलं नाही. जायचं तर जा, पण खरं कारण लिही. मग देते पुढे."

नौशीननं पेन उघडलं, पुन्हा मिटलं आणि उठून ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. आतला डॉक्टरांचा आरडाओरडा अख्ख्या वॉर्डनं ऐकला.

ती खाली मान घालून बाहेर आली, तशी सात नंबरवरून हाक आली. "सांगी दिधं का? मन्ही बी लाज काढी तू!" म्हातारी खरंच रागावली होती. रागावूनच तिनं बाही वर केली आणि हात पुढे केला.

नौशीननं वर न बघताच त्या हाताला बीपीचा पट्टा गुंडाळला. त्या दिवशी नोकरी सोडायची राहिली, ती राहूनच गेली.