फिरती पॅनेलं

धाकटी चिडली की "ताई" म्हणत नाही, थेट मुद्द्यावर येते. त्या सकाळीही तिने फोनवर एवढंच सांगितलं की गच्चीवरची सोलरची पॅनेलं कंपनीची माणसं उतरवून घेऊन गेलीत, नळाला बर्फासारखं पाणी येतंय, आणि तू काय ते बघ.

थोरली बघेल, हे धाकटीने गृहीत धरलं होतं, कारण ते घर थोरलीनेच तिला विकलं होतं. ती त्याच बांधकाम कंपनीच्या विक्री-ऑफिसात कामाला होती. साहेबांपासून रंगाऱ्यांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. ऑफिसात काचेखाली तीन इमारतींची छोटी प्रतिकृती होती आणि प्रत्येकीच्या गच्चीवर नखाएवढे निळे तुकडे चिकटवलेले होते. नव्या नियमाप्रमाणे इमारतीने आपलं पाणी आपल्या गच्चीवरच्या उन्हावर तापवायचं, नाहीतर हरित प्रमाणपत्र मिळायचं नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय कुणाला किल्ली द्यायची नाही. कंपनीने या सक्तीचीच जाहिरात केली होती. थोरली ते तुकडे बोटाने दाखवून म्हणायची, "बंब विसरा, गिझर विसरा. ऊन फुकट आहे." तिचा त्यावर विश्वास होता. म्हणून तर पहिली इमारत तयार झाली तेव्हा तिने सख्ख्या बहिणीला तिथे घर घ्यायला लावलं. धाकटीच्या सासूबाईंचे सांधे आखडलेले असत. सकाळी कढत पाण्याने शेकल्याशिवाय त्यांची बोटं वळत नसत. वर्षभर पाणी छान तापलंही.

थोरलीने मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, काचांवर धूळ बसते, वर्कशॉपला धुवायला नेलीत, येतील चार दिवसांत. तिने तेच बहिणीला सांगितलं. चार दिवसांनी मॅनेजर म्हणाला, एक पार्ट मिळत नाहीये. तिने तेही सांगितलं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा मेहुण्याने उचलला. सासूबाईंसाठी उकळतं पातेलं मोरीत नेताना धाकटीच्या पायावर सांडलं होतं. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी सोलून निघाली होती.

"ती बोलणार नाही म्हणते तुझ्याशी," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच थोरलीला जास्त लागलं.

दोनच दिवसांनी ती एका नवराबायकोला दुसऱ्या इमारतीतलं वरच्या मजल्यावरचं घर दाखवत होती. दुपारी प्रमाणपत्राचा तपासनीस यायचा होता, म्हणून एरवी कुलूपबंद असलेलं गच्चीचं दार उघडं होतं. बाईला गच्ची बघायची होती. थोरली त्यांना घेऊन वर गेली आणि दारातच थबकली. पॅनेलं ओळीने उन्हात चमकत होती. तिसऱ्या पॅनेलचा कोपरा तडकलेला होता आणि त्यावर हिरवी चिकटपट्टी होती. तो कोपरा भाच्याच्या चेंडूने फुटला होता आणि ती पट्टी मेहुण्याने लावली होती. लावताना शिडी थोरलीनेच धरली होती.

ती वाकून मागे गेली. पॅनेलांतून निघालेले पाइप टाकीपर्यंत पोचतच नव्हते. वीतभर बाहेर येऊन ते तसेच हवेत संपत होते.

"घेऊ नका हे घर," ती त्या नवराबायकोला म्हणाली. ते बावरून एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा तिने पुन्हा सांगितलं, "आज तरी घेऊ नका. जा तुम्ही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फसवणूक झाली हे तर होतंच, पण ती तिच्या तोंडून झाली होती. धूळ बसते, पार्ट मिळत नाही, हे सगळं तिने आपल्या आवाजात, आपल्या बहिणीला, समजावणीच्या सुरात सांगितलं होतं. तरीही ती आरडाओरडा न करता तपासनिसाची वाट बघत बसली. हा सरकारी माणूस आहे, त्याला नुसतं दाखवलं तरी पुरे, असं तिला वाटलं.

तपासनीस आला. मॅनेजरने त्याला थंड सरबत दिलं, आणि ग्लास हातात घेऊनच तो गच्चीवर चढला. थोरली पुढे झाली. पॅनेलं कुठून आली ते तिने सांगितलं, पाइप दाखवले. मॅनेजर हसून म्हणाला, "ताई जरा थकल्यात." तपासनिसाने पाइपांकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि सरबताचा घोट घेतला.

"पॅनेलं बसवलीत की नाहीत, हे मी बघतो," तो म्हणाला. "बसवलेली आहेत."

"पाणी तापतं का, ते नाही बघत?"

"नियमात तसं म्हटलेलं नाही."

त्याला यात काही लाजण्यासारखं वाटतच नव्हतं. ते ऐकून तिला जेवढा संताप आला तेवढा मॅनेजरच्या खोटेपणाचाही आला नव्हता. ती जिना उतरली, आवार ओलांडलं आणि पहिल्या इमारतीत शिरून दारं वाजवायला लागली. तुमची पॅनेलं समोरच्या गच्चीवर आहेत, तपासनीस अजून वरच आहे, नट खोलायचे पाने घेऊन चला, एवढंच ती प्रत्येक दारात सांगत होती. लोक इतके दिवस पातेली उकळून वैतागलेले होते. कुणी भाजी चिरता चिरता उठलं, कुणी बनियनवर आलं. धाकटीच्या दारापुढे ती क्षणभर अडखळली. पण दार आधीच उघडं होतं. पायाला फडकं गुंडाळलेली धाकटी मेहुण्याच्या हत्यारांच्या पेटीत पाना शोधत होती.

"हे तुझ्यासाठी करत नाहीये," धाकटी म्हणाली आणि भिंतीला धरून निघाली.

पुढचं भराभर झालं. नट घाईत लावलेले होते, हातानेही फिरत होते. मॅनेजर आधी ओरडला, मग पोलिसांची भीती घातली, मग फोन कानाला लावून कोपऱ्यात गेला. माणसांनी दोघा-तिघांत एकेक पॅनेल उचललं आणि जिन्याने खाली न्यायला सुरुवात केली. तपासनीस निघाला होता, पण वाट नव्हती. मधल्या वळणावर तो ग्लास छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि एकामागून एक पॅनेल त्याच्या नाकासमोरून गेलं. शेवटच्याला थोरलीचा हात होता.

"आता वर जाऊन बघा," ती त्याला म्हणाली. "बसवलेली आहेत का?"

तिची नोकरी तिथेच, जिन्यातच गेली. मॅनेजरने ऑफिसच्या किल्ल्या मागितल्या आणि तिने त्या त्याच्या पायाशी टाकल्या.

खाली आवारात कुणी जुन्या चादरी अंथरल्या, पॅनेलं त्यांवर पालथी ठेवली. लोक खूश होते, मोठमोठ्याने बोलत होते. तेवढ्यात मेहुणा एका पॅनेलची मागची पट्टी पुसायला लागला आणि थांबला. वरचा रंग निघाला होता आणि खाली अक्षरं दिसत होती. ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वसाहतीचं नाव होतं. ती वसाहत याच कंपनीने बांधली होती. तिथली घरंही थोरलीनेच विकली होती. मग सगळ्यांनी आपापलं पॅनेल पुसून पाहिलं. सगळ्यांवर तेच नाव होतं.

म्हणजे वर्षभर ते दुसऱ्यांच्या पाण्याने आंघोळ करत होते.

एकजण म्हणाला, पुसून टाका आणि चढवा वर. बहुतेकांना ते पटलं. थोरली म्हणाली, त्यांना कळवायला हवं.

"तुला हे आत्ता सुचतंय?" धाकटी म्हणाली. "माझ्या पायाची सालं निघाली तेव्हा तू मला धूळ, पार्ट असलं काहीबाही सांगत होतीस. आता घरात गरम पाणी यायची वेळ आली, तर तुला खरं बोलायचंय?"

पॅनेलं वर चढली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने त्या वसाहतीत गेली.

तिथे तळमजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहत होत्या. थोरलीला त्या आठवत होत्या, कारण घर घेताना त्यांनी प्रत्येक नळ उघडून बघितला होता. पॅनेलं वादळात मोडली, विमा मिळाला की नवी बसवू, असं कंपनीने त्यांना सांगितलं होतं. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही.

"वादळ कधी झालं होतं, तेवढं सांगा मला," त्या म्हणाल्या. "मी तर रोज इथेच होते."

रविवारी नर्सबाई आणि त्या वसाहतीतली माणसं टेम्पो घेऊन आली. पहिल्या इमारतीच्या दारात दोन्हीकडचे लोक समोरासमोर उभे राहिले. आमची आहेत, आमची आणून द्या, असं एकीकडून. आम्हीही घराबरोबर घेतलीत, असं दुसरीकडून. कुणीतरी कुणालातरी ढकललं. धाकटी लंगडत जिन्याच्या तोंडाशी आडवी बसली आणि म्हणाली, माझ्या अंगावरून जा. थोरली मध्ये पडायला गेली तर दोन्ही बाजूंनी तिलाच शिव्या बसल्या.

गडबड ऐकून मॅनेजर विक्री-ऑफिसातून बाहेर आला. त्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं. तो चांगलाच समजूतदार दिसत होता.

"हे बघा, तुम्ही आपसात मिटवा," तो म्हणाला. "ठेवायची तर ठेवा, न्यायची तर न्या. कंपनीची काही हरकत नाही."

नर्सबाई वळल्या. धाकटी जिन्यावरून उठली. ढकलाढकली करणारे दोघे हात तसेच धरून मॅनेजरकडे बघायला लागले. मग कुणीही काही न ठरवता सगळेच्या सगळे ऑफिसच्या दिशेने चालू लागले. मॅनेजर मागे सरकत आत शिरला आणि ती माणसंही त्याच्या मागोमाग शिरली. खुर्च्या भरल्या, मग जमीन भरली. धाकटीने काचेखालच्या प्रतिकृतीच्या टेबलावर आपला भाजलेला पाय टेकवला आणि फडकं सोडून ठेवलं. घर बघायला कुटुंबं आली की तिच्या सासूबाई त्यांना आपली आखडलेली बोटं दाखवून म्हणत, "या, या. काय विचारायचं ते आम्हाला विचारा."

विक्री बंद पडली. पाळ्या लावून लोक तिथेच बसू लागले. येणाऱ्यांना कुणी हसून तर कुणी दात ओठ खात सगळं सांगत होतं. शेवटी मोठे साहेब स्वतः आले आणि दोन्ही इमारतींवर नवी पॅनेलं बसवून द्यायचं त्यांना कबूल करावं लागलं. बसवलीही, कारण तोवर कुणी उठलंच नाही. जुनी पॅनेलं नर्सबाईंकडे परत गेली.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या इमारतीतल्या लोकांना किल्ल्या उशिरा मिळाल्या. त्यांतला एक ड्रायव्हर थोरलीच्या दारात येऊन तिला वाट्टेल ते बोलून गेला. पोरंबाळं घेऊन भाड्याच्या खोलीत आणखी दिवस काढायला लागले होते त्याला. मॅनेजरला कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं, बढती देऊन. तपासनीस तोच राहिला. दुसऱ्या इमारतीच्या फेरतपासणीला तोच आला, पॅनेलं मोजून निघाला, तेव्हा मुद्दाम आलेल्या नर्सबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात नळाखाली घातला. पाणी चांगलंच तापलेलं होतं. त्याने हात मागे ओढला. नर्सबाईंनी तो लगेच सोडला नाही.

थोरलीला कुठल्याच बिल्डरने कामावर घेतलं नाही. ती चपलांच्या दुकानात लागली. तिथे निदान माल गिऱ्हाइकाच्या पायात घालून दाखवता येतो, असं ती म्हणायची. धाकटीचा पाय बरा झाला, कातडी मात्र वेगळ्या रंगाची आली. बऱ्याच दिवसांनी ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि मऊ तळव्याची चप्पल मागितली. थोरलीने तिच्या पायात चप्पल चढवली.

"माझा राग गेलेला नाही," धाकटी म्हणाली.

"माझाही नाही."

"तुझा कुणावर?"

थोरली खाली बघून पट्टा आवळत राहिली. "पट्टा घट्ट होतोय का, ते सांग," ती म्हणाली.