तारखेच्या पानातल्या पुड्या

थिनने चंद्राच्या सणातल्या केकचा पत्र्याचा डबा औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. डबा त्याच्या आईचा, लुआचा. ती तीन दिवसांपासून सा डेक गावच्या इस्पितळात होती. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता आणि ताप हटत नव्हता. डॉक्टरणीने सांगितलं होतं की दिलेलं औषध लागू पडत नाहीये, आजच दुसरं निवडायला हवं. तपासणीचा अहवाल परवा येणार, तोवर थांबता येणार नाही. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत आईने काय काय घेतलं ते दुपारच्या आत कळवा. थिनला एवढंच ठाऊक होतं की पाण्यातल्या मांडवांवर ठेवलेल्या शेवंतीच्या टोपल्यांना पाणी घालून आई नावेतून उतरली, की अधूनमधून किएमकाकांकडून गोळ्यांची पुडी आणते.

इतकी वर्षं दुकान चालवणारे किएम पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत. डबा उघडला तो त्यांच्या मुलीने, खुएने.

आत आठ पुड्या होत्या. लांबूनही त्यांना आपल्या हातची घडी ओळखू आली. बाकीच्या गिऱ्हाइकांना ते कोऱ्या कागदात पुडी बांधत. लुआसाठी मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं त्या दिवसाचं पान फाडत, कारण पानावरची म्हण आणि शुभवेळा वाचायला तिला आवडायचं. दोन दिवसांच्या गोळ्या तिला एका पानात मिळत. दिवसभरात बरं वाटलं की उरलेल्या ती डब्यात टाकी. औषध फुकट घालवायचं नाही, पुढल्या वेळी उपयोगी पडेल, असा तिचा हिशेब.

खुएने पुड्या तारखेप्रमाणे ओळीत मांडल्या. तीन तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या, आधीच्या होत्या, पाच नंतरच्या. नवं वर्ष लागताच दुकानाचा परवाना खुएच्या नावावर झाला होता. त्याच आठवड्यात तिने सुट्ट्या गोळ्यांच्या बरण्या फडताळातून काढल्या आणि बापाला बजावलं, की डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर अँटिबायोटिक द्यायचं नाही. त्यावर किएम म्हणाले होते की एकतीस वर्षं या गल्लीतली माणसं चिठ्ठीने नाही, माझ्या पुडीने बरी झाली. वाद तिथेच थांबला. बरण्या मागच्या खोलीत गेल्या, एवढंच.

"मी जेवायला घरी जाते तेव्हा देत होतात?" खुएने विचारलं.

किएमनी होकाराची मान हलवली. थिन एकदा तिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिला.

"ते नंतर," खुए म्हणाली. "आधी गोळ्या सांगा, बाबा."

किएमनी चष्मा लावला. हे काम त्यांच्या हातचं होतं. डोळे झाकूनही गोळी ओळखतो असं ते म्हणत, आणि गल्लीला ते खरं वाटे. लाल-पिवळी कॅप्सूल त्यांनी बाजूला केली आणि नाव सांगितलं: अमॉक्सिसिलिन, चार पुड्यांत. लहान गुलाबी गोळी सूज उतरवणारी स्टेरॉइडची, ती आठही पुड्यांत. खुए लिहून घेत होती. गुलाबी गोळीपाशी तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

राहिली लांबट पांढरी गोळी. ती तेतनंतरच्या पाचही पुड्यांत होती.

किएमनी ती उजेडात धरली, उलटी केली, नख लावून पाहिलं. एका मोठ्या बरणीत तापाची साधी गोळी होती, लांबट आणि पांढरी. तेतनंतर पुरवठादार बदलला तेव्हा सिप्रो या अँटिबायोटिकची गोळीही तशीच आली, लांबट आणि पांढरी. पाकिटावर नाव होतं, पण पाकीट सोडून त्यांनीच ती बरणीत ओतली होती. नंतर लुआ तापाने आली होती, लघवीच्या जळजळीने आली होती, एकदा नुसतं अंग दुखतं म्हणून आली होती. कुठल्या दिवशी कुठल्या बरणीत हात गेला? पानावर तारीख होती, म्हण होती, लग्नाला चांगली वेळ होती. गोळीचं नाव नव्हतं.

खुएने इस्पितळाला फोन लावला आणि नोंदी वाचून दाखवल्या. पांढऱ्या गोळीचं डॉक्टरणीने दोनदा विचारलं. खुएने फोन बापापुढे धरला.

तापाचीच असेल, असं म्हणणं सोपं होतं. अर्ध्या वेळा ते खरंही असतं.

"मी किएम," ते म्हणाले. "पुड्या मी बांधल्यात. ही गोळी कोणती ते मला सांगता येत नाही. पाचही वेळा सिप्रो दिली असंच धरा."

मग डॉक्टरणीने तारखा पुन्हा विचारल्या, आणि त्यांनी एकेक पान सरळ करून वाचल्या.

दुपारी औषध बदललं, सिप्रो टाळून. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: जंतू अमॉक्सिसिलिनला दाद देत नव्हता, सिप्रोलाही नाही. नवं औषध तोवर लागू पडलं होतं. लुआला इस्पितळात अकरा दिवस काढावे लागले.

त्या अकरा दिवसांत किएमनी बरण्यांतल्या गोळ्या खोक्यात भरून खुएकडे दिल्या. एका गिऱ्हाइकाने पुडी मागितली तेव्हा त्यांनी पांढऱ्या गोळीची गोष्ट त्याला सांगून टाकली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गल्लीत पसरली.

लुआ आली ती थिनच्या दंडाला धरून, गालफडं बसलेली. खुए जेवायला गेली होती.

"किएमदादा, गुडघे ठणकतायत. तुमच्या हातचं द्या, पोरीच्या नको."

"जळजळ आहे? ताप?"

"काही नाही. गुडघेच."

त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. फडताळातून साध्या दुखण्याच्या गोळ्यांचं अखंड पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"एवढंच? इतकं कंजूष कधी झालात?"

"एवढंच. दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरणीकडे जा. माझ्याकडे येऊ नकोस."

"आणि पान? आजची म्हण राहिली की."

किएमनी भिंतीवरचं पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला ठळक अक्षरांत गोळीचं नाव लिहिलं, आणि ते पाकिटाबरोबर तिच्या हातात दिलं. तिने आधी म्हण वाचली. मग पान उलटलं आणि अडखळत, मोठ्याने, गोळीचं नाव.