बटणकाकांच्या मरणाची तालीम

बटणकाका मंगळवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मेले. मरण्याआधी त्यांनी चूळ भरली, कमरेचा पट्टा सैल केला, खुर्ची पंख्याखाली ओढली आणि सुनेपुढे मान वाकवली. सुनेने त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची जुनी नाडी अडकवली. ओळखपत्राच्या जागी जाड पुठ्ठा होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मृत’.

“अगं, ‘अनुपलब्ध’ लिहायचं ना,” काका म्हणाले. “कसा भारदस्त शब्द आहे.”

“अनुपलब्ध माणूस फोन उचलतो, बाबा. तुम्ही तर अंघोळ अर्धी टाकून उचलता.”

“बरं, मग मरायच्या आधी कपभर चहा?”

“वेळ संपली. गेलात तुम्ही.”

आता एवढ्या धडधाकट माणसाला त्याच्या सुनेनं भरदिवसा का मारलं, ते सांगायला हवं.

काका रक्ततपासणीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळायचे. शहरात कुठेही कुणाच्या दंडात सुई गेली की ते रक्त इथे यायचं, यंत्रांतून फिरायचं आणि त्याचा रिपोर्ट काकांच्या सर्व्हरमधून त्या त्या डॉक्टरकडे जायचा. कुणी काहीही बिघाड सांगितला तरी काकांचा पहिला प्रश्न एकच, “बटण चालू आहे का?” त्यावरून हे नाव पडलं आणि ते इतकं घट्ट चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या वेळी बाहेर यायचं.

मुख्य सर्व्हर जळला, बुडाला किंवा नुसता रुसला, तरी काम थांबू नये म्हणून रस्त्यापलीकडे, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, त्याचा जुळा भाऊ ठेवलेला होता. रोज संध्याकाळी सगळ्या माहितीची नक्कल तिकडे जायची. ऑफिसात त्या खोलीला ‘दुसरं घर’ म्हणत. काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. “मांडून मांडून दुसरं घर मांडलं, तेही लाँड्रीच्या वर आणि एका पेटीसाठी! काय बाई तुमची रसिकता.”

संकट आलं तर काय करायचं याचा एक जाडजूड आराखडाही होता. प्रयोगशाळेच्या साहेबांना त्याचा मोठा अभिमान, कारण त्यांनी तो कधी वाचला नव्हता. असे आराखडे तपासणं हा सूनबाईच्या कंपनीचा धंदा. हे काम त्यांच्याकडे आलं तेव्हा तिने साहेबांना आधीच सांगून टाकलं की काका माझे सासरे लागतात. साहेब म्हणाले, “उत्तम! दुसऱ्या कुणाचं ते ऐकतही नाहीत.”

सूनबाईने तो आराखडा घरी, जेवणाच्या टेबलावर वाचला. आग लागल्यास काकांना फोन करावा. पाणी शिरल्यास काकांना फोन करावा. चोरी झाल्यास काकांना फोन करावा, पोलिसांना कळवण्याबाबत काका सांगतील. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, काकांचा फोन न लागल्यास काकांच्या घरी फोन करावा.

“बाबा, हा आराखडा नाही, हे भजन आहे,” ती म्हणाली. “कडवी निराळी, पालुपद एकच.”

काकांना राग यायचा सोडून गुदगुल्या झाल्या. “पालुपदाशिवाय भजन उभं राहत नाही, सूनबाई.”

“आणि पालुपदाला हर्निया झालाय,” काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. काकांच्या पोटाच्या खालच्या अंगाला चांगला लिंबाएवढा फुगवटा आला होता. डॉक्टर म्हणत होते, वेळेवर कापून शिवून घ्या, आतडं अडकलं तर पळापळ होईल. काकांनी पट्टा विकत आणला आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. एकदा सर्व्हर बदलायचा होता म्हणून. मग तपासणीला माणसं येणार होती म्हणून. गेल्या खेपेला तर कारणच उरलं नाही, तेव्हा म्हणाले, नवीन प्रिंटर अजून रुळला नाही. तेव्हापासून काकू नवऱ्याची सोडून प्रिंटरची तब्येत विचारू लागल्या होत्या.

“येत्या सोमवारची तारीख दिली आहे डॉक्टरांनी,” सूनबाई म्हणाली. “जाणार ना?”

“मी तिथे आडवा पडलो तर इथे सगळंच आडवं पडेल.”

“मग बघूया की. मुख्य सर्व्हर बंद पाडून आराखड्याची तालीम घ्यायचीच आहे, त्यात मी तुम्हाला मारते.”

काकूंनी पोळी तव्यावर तशीच ठेवली. “मेल्या माणसानं करायचं काय असतं त्यात?”

“काही नाही, आई. फक्त बोलायचं नाही.”

“अरे देवा, जमायचं नाही त्यांना.”

काका खवळले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि काकूंना साक्षीला धरून म्हणाले, “माझ्याशिवाय त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत गेले ना, तर सोमवारी मी स्वतःच्या पायांनी जाऊन टेबलावर पडतो. आणि नाही गेले, तर या घरात हर्निया हा शब्द कुणी काढायचा नाही.”

“ऐकलं मी,” काकू म्हणाल्या. “रिपोर्ट गेले तर. तुमचेच शब्द.”

काकांना एवढी घमेंड कशाची होती? तर दुसऱ्या घरातल्या सर्व्हरच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज गेली तरी यंत्राचं घड्याळ चालू ठेवायचं एवढंच तिचं काम. ती बॅटरी केव्हाच संपली होती. त्यामुळे तो सर्व्हर बंद करून परत चालू केला की झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्यासारखा थेट वीस-एक वर्षं मागे जायचा. मग रिपोर्टच्या नोंदी बघून तो हटून बसायचा: ज्यांचा जन्मच व्हायचा आहे त्यांचं रक्त आलं कुठून? असं झालं की काका हळूच मनगटावरचं घड्याळ बघत, यंत्राची तारीख-वेळ दुरुस्त करत, आणि सगळे म्हणत, काकांच्या हाताला गुण आहे. बॅटरी बदलायची हे काकांच्या मनात बरेचदा आलं. पण गुण कुणाला नको असतो? देवानं माणसाला मीपण दिलं ते मिठासारखं, चवीपुरतं. काकांनी बरणीच उपडी केली होती.

तर मंगळवारी दुपारी सूनबाईने मुख्य सर्व्हरची वायर ओढली आणि साहेबांनी डोळे मिटले. काकांचा मदतनीस लांब्या रस्ता ओलांडून धावत दुसऱ्या घरात आला, मागोमाग सूनबाई; मृत काका तिथेच पंख्याखाली बसले होते. लांब्या इतका उंच होता की त्या दारातून वाकून आत यायचा आणि तरीही कपाळ आपटायचा. आताही आपटलं. काका सवयीने “अरे, जपून” म्हणणार होते. सूनबाईने बोट ओठांवर ठेवलं.

लांब्याने तालमीसाठी बंद करून ठेवलेला सर्व्हर चालू केला. दिवे लागले, पंखे घोंगावले. मग पडद्यावर लाल पट्टी आली: नोंदींची तारीख अमान्य.

लांब्याने नोंदी तपासल्या. सगळ्या काल संध्याकाळपर्यंतच्या, चोख. त्याने सर्व्हर बंद केला, चालू केला. लाल पट्टी. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वर्षानुवर्षांपूर्वीची तारीख निवांत बसली होती, पण कोपऱ्यात बघतो कोण?

तो खुर्चीकडे वळला. “काका, नुसती पापणी हलवा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.”

“मेल्या माणसाच्या पापण्या हलत नाहीत,” सूनबाई म्हणाली.

“मग त्यांना डोळे तरी मिटायला सांगा. जिवंत असताना कधी एवढे आनंदाने बघत नव्हते माझ्याकडे.”

काकांना हसू आवरेना. पोटातल्या पोटात हसले, तशी पट्ट्याखाली कळ आली. ती त्यांनी गिळली. जिंकणाऱ्याला तेवढं सोसावंच लागतं.

इतक्यात टेबलावरच्या फोनमधून प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. या बाईंच्या आवाजाला फोनची फारशी गरज नसे. “काय गं, किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही,” सूनबाई म्हणाली. “हवं तर तालीम इथेच थांबवते, मुख्य सर्व्हर परत लावू. आराखडा नापास, एवढंच.”

काकांनी खुर्चीत ऐसपैस मांडी घातली.

“थांबवतेस कशाला?” बाई फोनमधून कडाडल्या. “खराच जळला असता तर कुणाला सांगणार होतीस? माझी यंत्रं चालू आहेत, आकड्यांच्या पट्ट्या निघताहेत, नळ्यांवर नावं आहेत. आकडे मी तपासते, सही मी करते. सर्व्हर नुसता पोचवायचं काम करतो. पोस्टमन आला नाही म्हणून पत्र लिहायचं सोडायचं?”

पोस्टमन! काकांच्या हाताची मूठ वळली. मेलेल्या माणसाच्या मानाने फारच वळली.

बाईंनी कागद मागवले आणि रिपोर्ट हाताने लिहायला घेतले. पहिला रिपोर्ट माणसाकरवी शेजारच्या दवाखान्यात धाडला. तो परत आला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, हा रिपोर्ट आहे की पेन चालतं का ते बघितलंय? मग बाईंनी वाचायचं आणि दुसऱ्यांनी फोनवरून सांगायचं असं ठरलं. पलीकडच्याने नाव आणि आकडे परत म्हणून दाखवायचे, जुळले की खूण करायची. थोड्याच वेळात रस्त्यापलीकडून बाजार भरल्यासारखा आवाज येऊ लागला. “हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक दोन! पुन्हा म्हणा! नाही हो, ते साखरेचं!” साहेबसुद्धा बाह्या सारून एका फोनवर बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडल्यामुळे त्यांचा आवाज फुटत होता.

“लांब्या, ती पेटी सोड आणि इकडे ये,” बाई फोनमधून गरजल्या. “इथे फोन करायला माणूस कमी पडतोय.”

“आलो!”

“आणि ऐक, हे बरं आहे रे. डॉक्टर लोक फोनवर दोन प्रश्न विचारतात, कळतं तरी त्यांना काय हवंय. महिन्यातून एखादा दिवस असंच करू या.”

लांब्या उठला. सूनबाईही जिन्यापर्यंत गेली, रस्त्यापलीकडची धांदल बघायला. जाता जाता लांब्याने ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे दाराशेजारची बटणं बंद केली. दिवा गेला, पंखा थांबला. खोलीत कुणी नसलं की वीज वाया घालवू नये, हे काकांनीच त्याला शिकवलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं.

काका त्या बिनखिडकीच्या खोलीत अंधारात बसले. डोक्यावर पंख्याची पाती हळूहळू थांबली. खालून लाँड्रीतल्या इस्त्रीचा उबट वास वर येत होता. समोर सर्व्हरची लाल पट्टी चमकत होती, तिच्याकडे बघायला कुणी उरलं नव्हतं. रस्त्यापलीकडून आकडे ऐकू येत होते, मध्येच हसणं. सगळं चाललं होतं. अडत-ठेचकाळत, पण चाललं होतं. आपल्याला हरवलं असतं तर चाललं असतं, काकांच्या मनात आलं. यांनी तर आपल्याला विचारलंच नाही.

“अरे घड्याळ!” ते ओरडले. “कोपऱ्यातलं घड्याळ बघा रे गाढवांनो! बॅटरी संपली आहे त्याची!”

लांब्या अर्ध्या जिन्यातून वर धावला. दाराला कपाळ आपटलं. “मेलो!”

“तू नाही, मी,” काका म्हणाले. “दिवा लाव.”

लाँड्रीशेजारच्या घड्याळजीकडे तसली बॅटरी मिळाली. लांब्याने ती बसवली, तारीख लावली आणि सर्व्हर निमूट उठून कामाला लागला. पण तोवर दुपारचे सगळे रिपोर्ट तोंडी पोचले होते. उरलं होतं फक्त ते यंत्रात चढवणं.

“बघितलंत?” काका पुठ्ठा हातात धरून म्हणाले. “शेवटी मलाच बोलावं लागलं. पैज मी जिंकली.”

“तुम्हाला बोलावं लागलं नाही, बाबा. राहवलं नाही.” सूनबाई भिंतीला टेकली. “रिपोर्ट सर्व्हर उठायच्या आधीच गेले होते. शब्द तुमचेच आहेत, आई साक्षीला आहेत.”

“तो सर्व्हर माझ्यावाचून उठला असता का?”

“नसता. म्हणूनच विचारते. तुम्ही खरंच गेला असतात, तर ही बॅटरी कुणी सांगितली असती?”

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग लांब्याकडे. लांब्या कपाळ चोळत होता.

“ये इकडे,” काका म्हणाले. “वही नको, नुसता बघ. यात अजून दोन-तीन खोड्या आहेत.”

त्या खोड्या दाखवता दाखवता संध्याकाळ झाली. तालमीच्या अहवालात सूनबाईने लिहिलं की माणसं उत्तम, आराखडा टाकाऊ, आणि मृताचं वर्तन समाधानकारक नाही.

सोमवारी काका खरोखर स्वतःच्या पायांनी गेले. हिरवा झगा घालून, पट्टा काकूंच्या हाती सोपवून, स्ट्रेचरवर पडले. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं आणि नर्स म्हणाली, “जरा थांबावं लागेल हं. सिस्टीम डाऊन आहे, तुमची नोंद घेता येत नाही.”

काकांची मान वर आली. डोळ्यांत तेज आलं. एक पाय स्ट्रेचरच्या बाहेर आला. “सर्व्हर कुठल्या मजल्यावर आहे? बटण चालू आहे का, बघितलं?”

काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, दाबला, आणि डोकं परत उशीवर नेलं. “गप पडा. तुम्ही मेलेले आहात.”

नर्स दचकली. “अहो आजी, असं काय बोलता?”

“त्यांना सवय आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही लिहा ना हाताने.”

नर्सने खिशातलं पेन काढलं आणि कागदावर नाव लिहून घेतलं. खरं नाव. कितीतरी दिवसांनी ते पगाराशिवाय बाहेर आलं होतं. काकूंचा हात अजून कपाळावरच होता. काकांनी डोळे मिटले, चांगले घट्ट, पापणीसुद्धा हलू दिली नाही.

स्ट्रेचर आत जाऊ लागलं तेव्हा मात्र ते पुटपुटलेच.

“तारीख तेवढी बरोबर घाला.”