फळ्यावरची लाल चिठ्ठी

रत्नमालानं ब्रेकच्या ब्रॅकेटच्या भोकात माप तपासायचं गेज घातलं. जी बाजू अडायला हवी, ती आरपार गेली. तिनं दुसरं ब्रॅकेट उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांची भोकं मोठी. सकाळपासूनचा अख्खा ट्रे वाया.

"आकाश, चिठ्ठी लिही."

मशीनवरच्या आकाशनं मान वर केली नाही. "मी नाय लिहिणार, ताई."

"ट्रे तुझाच आहे ना?"

"व्हय. मग टाका कुणाचं बी नाव. चालतं की आता."

शेजारचे दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. समोर तुरुंगातल्या मोतीरामची बायको उभी आहे, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

वाळूजच्या या कारखान्यात मालक व्यंकटरावांनी अठरा वर्षांपूर्वी एक रीत घातली होती. ज्याची चूक, त्यानं आपल्या हातानं लाल चिठ्ठीवर नाव आणि चूक लिहायची. चिठ्ठी दिवसभर फळ्यावर राहायची. पगाराला धक्का नाही, उलट साहेब स्वतः चहा ओतून देणार. पहिली चिठ्ठी त्यांनीच लावली होती, चुकीचं पोलाद मागवल्याची. चहाच्या लोभानं लोक चुका करतात, अशी चेष्टा चाले. पण माल कधी परत येत नसे.

फेब्रुवारीत हर्सूलजवळ साहेबांच्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. माणूस जागीच गेला; गाडी थांबली नाही. साहेब पिऊन चालवत होते. ड्रायव्हर मोतीराम बाजूला बसला होता. पोलिसांच्या कागदावर मात्र तो स्टेअरिंगवर आला. जबाबाच्या आदल्या संध्याकाळी साहेब त्याच्या घरी येऊन फरशीवर मांडी घालून बसले होते. "रत्नमालाबाई, तीनशे घरं आहेत माझ्यावर." तिनं पदराला हात पुसले आणि होकाराची मान हलवली. मोतीरामला जामीन मिळेना. सायकल पडली होती, तिथून त्याच्या तुरुंगाची भिंत दिसते.

तेव्हापासून फळा कोरा होता. साहेब पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवत. फाटकातून परत येणारा माल मात्र पाहुण्यांना दिसत नसे.

रत्नमालानं चिठ्ठ्यांचं पॅड उचललं, उभ्या उभ्याच काहीतरी लिहिलं आणि ती केबिनमध्ये गेली.

"या, या! किती दिवसांनी चिठ्ठी आली." साहेबांचा हात सवयीनं किटलीकडं गेला. "कुणाची?"

"माझी."

चहा ओतता ओतता त्यांनी वाचलं. नाव: रत्नमाला मोतीराम. चूक: फेब्रुवारीत मान हलवली.

कप अर्धाच भरला.

"हे फळ्यावर लावणार तुम्ही?"

"रीत तुमचीच हाय, साहेब." तिनं चिठ्ठी परत घेतली. पॅड आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. "ब्रेकचा माल आहे. कुणाच्या तरी गाडीत बसंल. अन् मशीनवर कुणीच नाव लिहीत नाय आता."

चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. फळ्यावर चिठ्ठी लावली.

आकाशनं मशीन बंद केलं. जवळ येऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मग हात पुढं केला.

"पॅड द्या, ताई."

"साहेबांपुढं आहे."

दोघं केबिनच्या बंद दाराकडं बघत राहिले. बाकीची मशीनंही एकेक करून थांबली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तरी पॅड बाहेर आलं नाही.

आकाशनं खिशातला खडू काढला आणि खाली वाकून ट्रेच्या कडेवर आपलं नाव लिहिलं.