फ्रिजखालची गोधडी

मोठ्या जाऊबाई घर बदलत होत्या म्हणून धाकटी मदतीला गेली, तर दारातच तिचे पाय थबकले. दोन हमाल हॉलमधून फ्रिज ओढत होते आणि तो सरकावा म्हणून खाली घातली होती तिनेच शिवलेली गोधडी! निळी, पांढऱ्या त्रिकोणांची. पुतणी झाली तेव्हा सगळा हिवाळा खपून शिवलेली.

"थांबा! आधी उचला तो फ्रिज!"

"अगं, नव्या फरशीवर ओरखडे पडतात," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि माझ्या शिवणीवर पडलेले चालतात?"

"एवढ्याशा चिंधीवरून घर डोक्यावर घेऊ नकोस."

चिंधी! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोधडी काखोटीला मारून ती तडक घरी आली.

"सोडून दे गं. वहिनींचा स्वभाव तुला नवीन आहे का?" नवरा म्हणाला.

"त्यांचा स्वभाव, आणि सोडून द्यायचं मी! का म्हणून?"

तिने गोधडी धुतली, उसवलेलं शिवलं आणि बैठकीतली भिंत मोकळी केली. नवरा खिळे घेऊन आला तशी ती कडाडली, "भोकं पाडायची नाहीत गोधडीला. झाले तेवढे हाल पुरे."

मग वखारीतून लाकडाच्या चार अरुंद पट्ट्या आल्या. नवऱ्याने त्या कापून भोकं पाडली. धाकटीने पॉलिशपेपर घेतला. मनातल्या मनात जाऊबाईंना एकेक उत्तर देत तिने इतकं घासलं, की पट्ट्यांवरून हात नुसता घसरायला लागला. दोन-दोन पट्ट्यांची जोडी, आतून मऊ कापड, दोन्ही टोकांना हाताने पिळायचे स्क्रू. गोधडीची वरची कड एका जोडीच्या चिमटीत धरली, खालची दुसरीच्या, वरच्या जोडीला दोरी लावली आणि गोधडी भिंतीवर चढली. कुठे सुरकुती नाही, की झोळ नाही.

पुढच्या महिन्यात जाऊबाई आल्या आणि बघतच राहिल्या.

"काय देखणी दिसतेय! आमच्या हॉलमध्ये शोभेल. काढून दे, नेते. नाहीतरी आमचीच आहे ना?"

"तुमची होती. तुम्ही फ्रिजखाली घातलीत," धाकटी म्हणाली.

जाऊबाईंनी दिराकडे पाहिलं.

"ती बरोबर बोलतेय, वहिनी," तो खाली बघत, पण स्पष्ट म्हणाला.

चहा अर्धा टाकून जाऊबाई उठल्या. त्यांचे फोन बंद झाले. धाकटीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण गोधडी तिने उतरवली नाही.