बाबांची बेल आणि चार्जिंगचे सेल

चार्जिंगचे सेल आणल्यापासून माझा नवरा घरात शास्त्रज्ञासारखा वावरत होता. रिमोट, टॉर्च, वजनकाटा, दिसेल त्याचं झाकण उघडून जुने सेल बाहेर. "वापरून फेकायचे सेल म्हणजे शुद्ध अडाणीपणा," असं मला कोण सांगतंय, तर ज्याला स्वतःचे मोजे धुवायला टाकायचं सुचत नाही तो.

"टॉर्चला घाल हवे तर," मी म्हटलं. "रोज वापरतो, रोज भरशील. पण बाबांच्या बेलला हात लावू नकोस. हे सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात. तिला साधेच बरे."

पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याने बेलचेही बदललेच.

सासरे एकदा बाथरूममध्ये घसरले, तेव्हा तिथे बटण बसवलं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरातली बेल वाजायची. बाबांना खेळणंच मिळालं. टॉवेल द्या, साबण संपला, बाहेर कोण आलंय. शेवटी आम्ही दोघांनी दम भरला, "पडल्याशिवाय दाबायचं नाही." त्यानंतर बेल महिनोन्महिने गप्प, आणि आम्ही खूश.

काल सकाळी बाथरूममधला नळ थांबेचना. टाकी रिकामी करतात की काय, म्हणून मी तोंडाचा पट्टा सोडतच गेले. बाबा ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. पाय मुरगळला होता आणि बोट बटणावरच होतं.

मी नवऱ्याला हाक मारली. आम्ही त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. त्याने बेल उघडून सेल तपासले. पार मेलेले. त्याचा चेहरा पडला. "सांगितलं होतं ना" हे ओठावर आलेलं मी गिळलं, आणि ते मला फार जड गेलं.

"ओरडायचं ना, बाबा," तो म्हणाला.

"इतक्यांदा दाबलं," बाबा पायाकडे बघत म्हणाले. "वाटलं, ऐकू येतंय तुम्हाला. म्हातारा परत टॉवेल मागतोय म्हणून येत नाही आहात."

नवऱ्याने तडक दुकानातून साधे सेल आणून घातले. मी बाबांना सांगितलं, "आता बेल रोज दाबायची. कारण असो नसो."

आज सकाळी बेल वाजली. नवरा तोंडात ब्रश तसाच धरून धावला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," आतून आवाज आला. "येतोस का बघत होतो."