दोघींचं कपाट

"मावशी, त्यांना म्हणावं कपाटाशी या," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

'त्या', म्हणजे घाऱ्या सिस्टर, अगदी हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. वॉर्डातल्या मावशींनी मान वळवली. "चला हो, बोलावणं आलंय."

"ऐकू आलं म्हणावं."

कडक वेदनाशामक औषधांचं ते कपाट एकटीला दाद देत नसे. एकीनं कार्ड लावून अंगठा टेकवायचा, लगोलग दुसरीनं. औषधाला पाय फुटू नयेत म्हणून दोघींची साक्ष! त्यामुळे कित्येक वर्षांचा अबोला इमानेइतबारे पाळत त्या दोघी रोज खांद्याला खांदा लावून उभ्या राहत. दार उघडे, औषध निघे, आणि दोघींची तोंडं पुन्हा दोन दिशांना. वॉर्ड त्यांना जोडगोळी म्हणे, अर्थात पाठीमागे.

निमित्त जुनंच. थोरल्यांच्या बढतीच्या वेळी घाऱ्या सिस्टर मेट्रनना म्हणाल्या होत्या, "कामात वाघीण आहे, पण माणसांत मिसळत नाही." ते थोरल्यांच्या जिव्हारी लागलं. बढती हुकली म्हणून नव्हे. खरं होतं म्हणून.

घरी एक खोली, एक ताट, एक खुर्ची. भिंतींना कान असतात म्हणे, पण तोंड कुठे असतं? दिवसभरात दुसऱ्या माणसाची ऊब जवळून जाणवायची ती त्या कपाटापाशीच. घाऱ्यांना सर्दी झालीय, केसांचं तेल बदललंय, डोळे सुजलेत, थोरल्यांना सगळं कळायचं. विचारायची सोय नव्हती, एवढंच.

मग एके सकाळी यंत्रवाला आला आणि त्यानं कपाटाला नवीन डबी बसवली.

"आता एकटीला उघडता येईल बघा. कार्ड, अंगठा, आणि साक्षीला वर कॅमेरा. दोघींची कटकट मिटली."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या. "माझी पोस्टमनकी सुटली."

कुणीच हसलं नाही.

आठवडाभर थोरल्यांनी एकटीनं कपाट उघडलं. मेलं पहिल्या फटक्यात उघडायचं! घाऱ्या दिसायच्या त्या वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठमोऱ्या.

त्या संध्याकाळी नुसता साठा तपासायचा होता; औषधासाठी कुणी कण्हत नव्हतं. थोरल्यांनी बेसिनवर हात धुतले आणि तसेच ओले ठेवून कपाटाशी आल्या. कार्ड लावलं, अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. निरोप न्यायला मावशी नव्हत्या. चादरी आणायला गेल्या होत्या.

थोरल्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे उघडत नाहीये."

घाऱ्या आल्या. यंत्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. थोरल्यांच्या कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी पाहिलं. मग स्वतःच्या एप्रनच्या टोकानं तो अंगठा पुसला. अंगठ्यापाशी काम संपलं होतं, तरी एकेक बोट पुसत राहिल्या.

"हात धुतल्यावर पुसायचे असतात. शिकवलं नव्हतं का तुला?"

"शिकवलं होतं."

घाऱ्यांनी तो अंगठा धरून काचेवर टेकवला. दार उघडलं. आत बाटल्या जिथल्या तिथे होत्या.

दार उघडं राहिलं की ते यंत्र ओरडू लागतं. मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन परतल्या, तेव्हा ते नुसतं केकाटत होतं, आणि दार लावायला दोघींपैकी कुणीच हात सोडवून घेत नव्हतं.